मांजरमाशाच्या पुढ्यातला उंदीर

विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी 1824 पासून काही वर्षं दख्खनमध्ये हिंडत होता. मुंबई सरकारसाठी मुलखाची आकडेवारी गोळा करायची, हे त्याचं काम. पण गावं, पिकं आणि जमिनी यांच्या नोंदी करता करता त्याने पक्षी टिपले, प्राणी टिपले आणि नद्यांतले मासेही टिपले. 1839 मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने त्याची दख्खनच्या माशांची यादी छापली, तेव्हा तिच्यातली कितीतरी नावं थेट इथल्या भोई-कोळ्यांच्या तोंडची होती. शास्त्रीय नावाच्या जागी त्याने लिहिलं कुतरणी, घोगरा, शिंगटी, ताकरी, खुद्री. लॅटिन वळणाची अक्षरं लावली, पण शब्द मराठीच ठेवले. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या खडशीला जग आजही ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखतं.

याच यादीत एक गंमतशीर गोष्ट आहे. कुतरणी आणि घोगरा या दोन मिशाळ माशांना साइक्सने ‘फ्रॅक्टोसेफॅलस’ या प्रजातीत टाकलं होतं. ही प्रजाती त्याआधी दहाच वर्षं नावारूपाला आली होती, आणि तिचा खरा मालक होता दक्षिण अमेरिकेतला एक अजस्र मासा. साइक्सची मांडणी पुढे दुरुस्त झाली. आपले कुतरणी-घोगरा ‘रिटा’ या प्रजातीत गेले आणि फ्रॅक्टोसेफॅलस हे नाव अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोकोच्या त्या माशापाशी राहिलं. पाठ काळपट, कुशीला रुंद पांढरा पट्टा, शेपूट लालभडक. इंग्रजीत रेडटेल कॅटफिश.

साइक्सनंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी तो खराखुरा फ्रॅक्टोसेफॅलस पुणे जिल्ह्यात येऊन पोचला आहे. बोटाएवढं पिल्लू, प्लास्टिकच्या पिशवीत, ऑक्सिजन भरून. दुकानात ते इतकं देखणं दिसतं की मिशा हलवत तळाशी फिरणारं ते बाळ पुढे मीटरभर लांब आणि चाळीस किलोंच्या वर जाऊ शकतं, हे कुणाला सांगून पटत नाही. टाकीत आल्यावर ते समोर येईल ते गिळतं. सोबतचे मासे गिळतं, कधी तळातले गोटेही गिळतं. मग घरात पाहुणे आले की त्याच्या भुकेचा खेळ होऊ लागतो. आधी गोल्डफिश, मग बेडूक आणि एक दिवस पाण्यात सोडलेला जिवंत उंदीर.

या प्रकरणाचा विषय तो उंदीर आहे. मांजरमाशाने उंदीर खाणं निसर्गात बसतं का, आणि बसत असेल तर टाकीतही बसतं का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि जिथे ते एकमेकांत मिसळतात तिथेच घोटाळा होतो.

आधी नावाचं बघू. मांजरमासा म्हटलं की उंदीर आठवणं साहजिक आहे, पण हे नाव मिशांवरून पडलं आहे, आहारावरून नाही. आणि या मिशा मांजराच्या मिशांपेक्षा फार पुढच्या आहेत. त्यांच्यावर चवीच्या कळ्या असतात. आपल्याला चव फक्त तोंडात कळते. मांजरमाशाला ती मिशांवर, ओठांवर आणि जवळजवळ सगळ्या अंगावर कळते, कारण अंगावर खवले नाहीत आणि उघड्या कातडीभर चवीच्या कळ्या पसरलेल्या असतात. अमेरिकेतल्या चॅनल कॅटफिशच्या अंगावर त्यांची संख्या लाखाच्या वर जाते. हा मासा म्हणजे पोहणारी जीभच.

त्यात आणखी एक इंद्रिय. 1917 मध्ये पार्कर आणि व्हॅन ह्युसेन या अमेरिकन संशोधकांनी मांजरमाशाचे डोळे झाकून त्याच्याजवळ काचेची कांडी नेली. अंगाला टेकेपर्यंत त्याला पत्ता लागला नाही. धातूची कांडी नेली, तर ती काही सेंटिमीटर लांब असतानाच त्याला कळलं. पाण्यातल्या सूक्ष्म विजेची त्याला जाणीव होते, आणि हलणाऱ्या प्रत्येक स्नायूतून अशी थोडी वीज बाहेर पडत असते. आषाढात वेळवंडीला किंवा गुंजवणीला लाल गढूळ पाणी येतं, हातभर खोलीवर काही दिसत नाही, तेव्हा शिवड्यासारख्या मोठ्या मांजरमाशाला डोळ्यांची गरजच उरत नाही. पाण्यात धडपडणारा जीव त्याच्यासाठी अंधारातला दिवा असतो.

मग तो जवळ येतो आणि तोंड उघडतो. ‘चावतो’ हा शब्द इथे चुकीचा ठरेल. घशाची पोकळी एका झटक्यात रुंद होते, आत पोकळी पडते आणि समोरचं पाणी भक्ष्यासकट आत ओढलं जातं. जबड्यावर दातांचा पट्टा असतो, कानशीसारखा खरखरीत. त्यातले बारीक दात आत वळलेले असतात. ते तोडायला नाहीत, पकडीतून निसटू न देण्यासाठी आहेत. भक्ष्य सबंध पोटात जातं आणि पुढचं काम जठरातलं आम्ल करतं.

अशा तोंडापुढे उंदीर आला तर तो जाणारच, आणि तसं घडल्याचा पुरावाही आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागात अ‍ॅशबर्टन नावाची नदी आहे. मर्डॉक विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या अठरा मांजरमाशांची पोटं तपासली आणि 2016 मध्ये निष्कर्ष छापले. 44 टक्के माशांच्या पोटात स्पिनिफेक्स हॉपिंग माऊस हा वाळवंटातला टुणटुणता उंदीर सापडला. काही माशांच्या पोटात जवळजवळ दुसरं काहीच नव्हतं. हे उंदीर पाण्याकाठचे नाहीतच, ते वाळूत बिळं करून राहतात. मुसळधार पावसाने बिळं ढासळली असावीत आणि उंदीर प्रवाहात आले असावेत, असा तर्क संशोधकांनी मांडला. फ्रान्समध्ये आल्बी शहरात टार्न नदीत युरोपातला वेल्स मांजरमासा काठाच्या कबुतरांवर झडप घालताना संशोधकांनी चित्रित केला. अंग अर्धं काठावर टाकून तो कबूतर पकडतो आणि मागे सरकत पाण्यात जातो. 2012 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शंभरातले सुमारे 28 हल्ले साधले होते. न्यूझीलंडमध्ये बीचच्या झाडांना भरघोस बी धरलं की उंदीर वाढतात, आणि त्या वर्षी ट्राउट माशांच्या पोटात उंदीर सापडू लागतात, हे गळ टाकणाऱ्यांना चांगलं माहीत आहे.

या सगळ्या उदाहरणांत एक धागा आहे. पाऊस, पूर, बियांचा हंगाम असं काहीतरी घडतं आणि जमिनीवरचं अन्न अवचित पाण्यात येतं. मासा ते सोडत नाही. त्याच्या वर्षाच्या जेवणात तो सणाचा दिवस असतो. एरवी तो मासे, खेकडे, झिंगे खातो. अ‍ॅमेझॉनचा रेडटेल तर पुराच्या दिवसांत झाडांवरून पडलेली फळंसुद्धा खातो. त्याला रोज उंदीर घालणारे या फळांचा विचार कधी करत नाहीत, कारण फळ गिळण्यात बघण्यासारखं काही नसतं.

भोर आणि वेल्हे (शासनाने आता ज्याला राजगड हे नाव दिलं आहे) या दोन तालुक्यांत ऑस्ट्रेलियातल्या गोष्टीतली दोन्ही पात्रं शेजारी-शेजारी राहतात. एकीकडे पाणी आहे. वेळवंडीवरचं भाटघर, 1920च्या दशकात पुरं झालेलं आणि साडेतेवीस टीएमसी पाणी धरणारं, नीरेवरचं देवघर, वेल्ह्यातलं गुंजवणी, पलीकडे आंबी आणि मोसीवरची पानशेत-वरसगाव. दुसरीकडे आंबेमोहर आणि इंद्रायणीची भातखाचरं, आणि त्यांच्या बांधांत उंदरांची बिळं. शेतातला हा उंदीर बिळाच्या आत कोठारं करून लोंब्याच्या लोंब्या साठवतो. भात झोडून झालं की कातकरी कुटुंबं असे बांध उकरायची. उंदीरही घरी यायचा आणि त्याने लपवलेलं भातही. याच उंदरांवर धामण आणि गव्हाणी घुबड पोसतात. पावसाळ्यात खाचरं तुडुंब भरली, एखादा बांध फुटला की बिळातले उंदीर पाण्याबरोबर वाहतात, पोहत कोरड्या जागेकडे धावतात. ओढ्याच्या तोंडाशी मोठा मासा टपलेला असला तर त्यातला एखादा त्याच्या वाट्याला येईल. त्यात कुणाचा दोष नाही आणि त्यात क्रूरपणाही नाही. उंदराला पोहून काठ गाठायची संधी असते. बहुतेक वेळा तो गाठतोही.

काचेच्या टाकीत ती संधी नसते. जिवंत उंदीर पाण्यात पडतो तेव्हा तो आधी पृष्ठभागावर राहून कडेला जातो. मागच्या पायांनी पाणी मारतो आणि पुढचे पंजे काचेवर ठेवतो. ओल्या काचेवर नखं घसरतात. तो चारही कोपऱ्यांत जाऊन बघतो, पुन्हा त्याच कोपऱ्यात येतो. नाक वर धरलेलं असतं, मिशा सपाट झालेल्या असतात. मासा पोटभर असेल तर हे कितीतरी मिनिटं चालतं. उंदीर हुशार प्राणी आहे, भीती त्याला पुरेपूर कळते. बाहेर मोबाईल धरून उभी असलेली माणसं त्याला काचेतून दिसत असतात. हे ज्याने एकदा नीट बघितलं, त्याला पुन्हा बघवू नये.

कायद्यालाही हे मान्य नाही. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 11व्या कलमात, केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्याचं भक्ष्य करणं गुन्हा ठरवलेलं आहे. वाघाच्या अभयारण्यात आमिष म्हणून प्राणी बांधण्याची रीत त्यात नाव घेऊन येते. उंदीर लहान आहे म्हणून तो या कलमातून सुटत नाही.

आता माशाच्या बाजूने पाहू. ‘त्याला ताकद येते’ हा समज टाकी बाळगणाऱ्यांत घट्ट आहे. थंडीच्या दिवसांत वेल्ह्यात रात्रीचा मटणाचा रस्सा सकाळी उघडला तर वर पांढरी साय धरलेली असते. बोटाने उचलली तर मेणासारखा तुकडा निघतो. सस्तन प्राण्याची चरबी अशी असते. आपल्या 37 अंशांच्या पोटात ती पातळ राहते. टाकीतलं पाणी 26 अंशांच्या आसपास आणि माशाचं अंगही तितकंच. माशांच्या स्वतःच्या अंगातली चरबी वेगळ्या घडणीची असते, गार पाण्यातही ती तेलासारखी वाहती राहते. त्याची पचनव्यवस्था अशाच तेलावर घडलेली आहे. उंदराची चरबी त्याला नीट वापरता येत नाही. ती यकृतात साठत जाते, यकृत फुगून पिवळं पडतं आणि वरून धष्टपुष्ट दिसणारा मासा आतून खंगत जातो. मालकाला वाटतं, तब्येत काय झाली आहे!

केसांचं तर विचारूच नका. केस आणि नखं केराटिनची बनलेली असतात आणि ती माशाच्या पोटात विरघळत नाहीत. त्यांचा बोळा तयार होतो. मासा तो ओकून टाकतो किंवा तो आतड्यात अडकतो. जिवंत उंदीर तर जाता जाता चावतोही. माशाचा ओठ, मिशीचं मूळ, टाळू, सगळं मऊ आणि उघडं असतं. टाकीच्या बंद पाण्यात अशी जखम चिघळायला वेळ लागत नाही. आणि अर्धवट पचलेला उंदीर ओकला गेला, तर त्या पाण्यातला अमोनिया एका रात्रीत फिल्टरच्या आवाक्याबाहेर जातो.

पण भोर-वेल्ह्यासारख्या भागात सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. दुकानातला पांढरा उंदीर विकत घ्यावा लागतो, शेतातला फुकट मिळतो. आणि शेतात उंदरासाठी झिंक फॉस्फाईडच्या पुड्या आणि ब्रोमाडिओलोनच्या वड्या ठेवलेल्या असतात. ब्रोमाडिओलोन रक्त गोठू देत नाही, आणि ते उंदराला लगेच मारतही नाही. तीन-चार दिवस लागतात. त्या दिवसांत उंदीर सुस्तावतो, उजेडात येतो, पळत नाही. म्हणजे हाताला सगळ्यात सहज लागणारा उंदीर हा बहुधा विष खाल्लेला उंदीर असतो. ते विष त्याच्या यकृतात तसंच असतं आणि गिळणाऱ्याच्या पोटात जातं. झिंक फॉस्फाईडचं काम आणखी जलद आहे. जठरातल्या आम्लाशी ते मिळालं की फॉस्फिन वायू तयार होतो, आणि मांजरमाशाच्या जठरात आम्लाची कमतरता नाही. विष खाल्लेला उंदीर खाऊन घुबडं आणि मांजरं मरतात, मासाही त्याला अपवाद नाही.

उंदीर पकडणाऱ्या माणसालाही हे महागात पडू शकतं. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या लघवीतून बाहेर पडतात आणि ओल्या कातडीवरच्या बारीक जखमेतून शरीरात शिरतात. 26 जुलै 2005च्या पुरानंतर मुंबईने हा आजार जवळून पाहिला. चिखलात लावणी करणाऱ्यांना त्याचा धोका आधीच असतो. घाबरलेला उंदीर हातात धरायचा, टाकीत सोडायचा आणि मग त्याच पाण्यात कोपरापर्यंत हात घालून काच पुसायची, म्हणजे तो धोका घरात आणण्यासारखंच झालं.

आणि प्रत्येक उंदीर ‘नुसता उंदीर’ही नसतो. वेल्ह्याच्या वेशीवर सिंहगड आहे. 1975 मध्ये मिश्रा आणि धांडा यांनी त्याच्या पठारावरून उंदराची एक नवी जात वर्णन केली. किल्ल्याचं जुनं नाव तिला मिळालं: मिलार्डिया कोंडाना. मऊ केसांचा हा उंदीर सह्याद्रीच्या या टापूबाहेर जगात कुठेही नाही आणि आययूसीएनच्या यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. शेतातल्या मऊ केसांच्या साध्या उंदराशी त्याचं जवळचं नातं आहे. पिंजऱ्यात आलेला उंदीर कोणता, हे सांगायला जाणकार लागतो. अशा मुलखात डोंगरावरून उंदीर धरून माशाला टाकणं म्हणजे काय टाकतो आहोत हे न बघता टाकणं.

रेडटेलला खायला काय घालावं, हे अवघड नाही. कोळंबी, माशाचे तुकडे, गांडुळं, तळाशी बुडणाऱ्या गोळ्या, आणि यांत अदलाबदल. पिल्लाला रोज थोडं, मोठ्याला आठवड्यातून एक-दोनदा. गोल्डफिशची सवय लावू नये. त्या कुळातल्या माशांत थायमिनेज असतं, ते बी-1 जीवनसत्त्व मोडतं आणि वर्षभराने मासा तोल जाऊन गिरक्या घेऊ लागतो. पण खरी अडचण ताटात नाही, टाकीत आहे. चार फुटी टाकीत एक मीटरचा मासा वळू शकत नाही. पहिल्याच वर्षी तो फूटभर होतो. दोन-तीन वर्षांत कुटुंब थकतं, दुकान परत घेत नाही, आणि रविवारी कुणीतरी बादली गाडीत ठेवून कात्रजचा घाट ओलांडतं.

बादली ज्या पाण्यात रिकामी होते, ते पाणी कुठे जातं हे नकाशात बघावं. कानंदी गुंजवणीला मिळते, गुंजवणी आणि वेळवंडी नीरेला, नीरा नरसिंहपूरला भीमेला. आंबी आणि मोसीचं पाणी मुठेतून भीमेत आणि उजनीत. म्हणजे वेल्ह्यात सोडलेला मासा सबंध पुणे जिल्ह्यात सोडल्यासारखा आहे. टाकीची काच साफ ठेवायला आणलेला दक्षिण अमेरिकेचा सकर मासा असाच उजनीत पोचला. तिथल्या मच्छीमारांची जाळी त्याच्या काटेरी अंगाने फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. केरळात 2018च्या महापुरानंतर चालक्कुडी नदीत अ‍ॅमेझॉनचा अरापायमा जाळ्यात सापडला. तोही कुणाच्या तरी तळ्यातून सुटलेला.

आणि मांजरमाशाला सस्तन प्राण्यांचं मांस घालून वाढवलं की काय होतं, याचा मोठा धडा याच जिल्ह्याने घेतलेला आहे. आफ्रिकी मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, हवा श्वासात घेतो, चिखलात सरपटतो आणि कत्तलखान्याच्या टाकाऊ मांसावर झपाट्याने वाढतो. म्हणून त्याची छुपी तळी निघाली. सडकं मांस, काळं पाणी, भोवती घारी आणि कुत्री. देशात त्याच्या पालनावर बंदी आहे. 2019 मधल्या राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने इंदापूर तालुक्यात उजनीच्या काठावरची अशी तळी शोधून मासे नष्ट केले. पण पुराच्या पाण्याबरोबर निसटलेला मांगूर नदीतून परत काढता येत नाही. तो इथल्या मांगूर-शिंगीची जागा घेतो, त्यांची पिल्लंही खातो.

साइक्सचे मासे अजून आहेत. शिवडा कमी झाला आहे, जगाच्या यादीतही तो असुरक्षित ठरला आहे. पण भीमा-नीरेच्या पाण्यात घोगरा जाळ्याला लागतो. तो टाकीत ठेवायला कुणी मागत नाही. रंग राखाडी, अंगठ्याएवढ्या मिशा, लांबी वीत-दोन वीत. जाळं काठावर झटकलं की तो गवतावर पडतो, पंखातला काटा ताठ करतो आणि सांध्यात घासून बारीक करकर आवाज काढतो. सोडवणाऱ्याचा हात त्या आवाजाने आपसूक जपून पुढे जातो, कारण काटा लागला तर दिवसभर ठणकतं. मग तो कल्ल्यामागे बोट घालून घोगऱ्याला उचलतो आणि पाटीत टाकतो, चिलापी आणि वामेच्या बरोबर.